उरल्या लोकरीचा गळपट्टा

मी गळपट्टा. मफलर म्हणालात तरी राग नाही, पण मफलरला दोन टोकं असतात आणि मला एकही नाही. मी गोल आहे. डोक्यावरून खाली ओढला की गळ्याशी गुपचूप बसतो. वाऱ्यानं उडत नाही, चहात बुडत नाही, दारात अडकत नाही. माझ्यात मोहरी रंग आहे, वीटकरी आहे, मोरपंखी आहे, जांभळा आहे आणि मध्येच एक पोपटी ओळ आहे. अंगभर उभे फुगीर खांब आहेत आणि बोटाला लागतील अशी लोकरीची बोंडं. डोळे मिटून हात फिरवलात तरी मी कोण ते कळेल.

काही वस्तू महिनोन् महिने घडतात. मला एक दुपार पुरली.

जिनं मला विणलं तिला घरात सगळे थोरली म्हणत, कारण वरच्या मजल्यावर धाकटी राहायची. दोघी जावा. दोघींचे नवरे मिळून चष्म्यांचं दुकान चालवायचे आणि दुकानातली भांडणं जेवायला घरी आणायचे. जावांमध्ये मात्र कधी शब्दाला शब्द लागला नाही. ज्या घरात भाऊ भांडतात तिथे जावांना फुरसत नसते, असं धाकटी म्हणायची.

थोरलीच्या हाताला विलक्षण सफाई होती. तिनं विणलेल्या जाळीच्या टेबलक्लॉथवर कप ठेवायला पाहुणे धजत नसत. कप हातात धरूनच चहा संपवत. पण त्या सफाईची एक किंमत होती. एक टाका इकडचा तिकडे झाला की ती चार चार ओळी उसवायची. "ही विणते कमी आणि उसवते जास्त," असं तिचा नवरा म्हणायचा. थोरली धागा ओढून उसवत राहायची.

त्या वर्षी धाकटीच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, ती घरी आली. आवाज थोडा बसला होता आणि गळ्यावर आडवा व्रण होता, म्हणून ती कुडत्याचं वरचं बटण लावून हिंडायची. बाकी माणूस तेच. जरा बरं वाटायला लागलं तशी एक दिवस जिना उतरून खाली आली आणि थोरलीच्या समोर पाय दुमडून बसली.

"ताई, तुमच्याकडे एक काम आहे."

"बोल."

"त्या वॉर्डात ना, सगळ्यांचे गळे उघडे असतात. त्यात वरून गार हवा. रुमाल बांधायचा तर गाठ टोचते आणि मान वळत नाही. तुमच्या टोपलीत उरलीसुरली लोकर पडलेली असते, त्याचं काही गोल होईल का? नुसतं डोक्यातून घालायचं. चार-पाच झाले तरी पुष्कळ. नेऊन देऊ तिथे."

"होईल की."

"पटकन होणारं हवं हं. सुबक नको, ऊबदार हवं."

"सुबक नको म्हणतेस आणि माझ्याकडे येतेस," थोरली म्हणाली. पण उठली आणि पलंगाखालून टोपली ओढली.

अशी माझी सुरुवात झाली. थोरलीनं एरवी कधी न लागणारी जाड क्रोशाची सुई काढली. साखळी घातली, तिची टोकं जोडून कडं केलं, आणि त्या कड्यावर खांब चढायला लागले. रंग तिनं निवडलेच नाहीत. ते धाकटी निवडत होती. टोपलीत हात घालून हाताला येईल तो गुंडा काढायची आणि म्हणायची, "आता हा." जांभळी लोकर एका पुतण्याच्या बाळपणीच्या टोपीची होती. त्या पुतण्याला आता दाढी होती. मोहरी एका उशीच्या अभ्र्याची. पोपटी कशाची ते दोघींनाही आठवेना. "ही कोणी आणली? डोळे दिपतात," थोरली म्हणाली. "घाला घाला. वॉर्डात सगळं पांढरंफटक असतं," धाकटी म्हणाली. म्हणून माझ्यात ती ओळ आहे.

पोपटी ओळ चालू असताना धाकटीनं वॉर्डातल्या आचाऱ्याची नक्कल केली, आणि थोरली इतकी हसली की एक बोंड घालायचंच राहून गेलं. पुढच्या ओळीत ते लक्षात आलं. तिचा हात सवयीनं धागा ओढायला गेला. मग थांबली.

"राहू दे," ती म्हणाली. "दानाचंच आहे."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं चूक तशीच सोडली, आणि तिच्या हाताला त्या दुपारी किती हलकं वाटत होतं ते माझ्या टाक्यांना माहीत आहे. सैल, मोकळे, एकमेकांना न दाबणारे टाके आहेत माझे. तिच्या टेबलक्लॉथमध्ये असा एक टाका सापडणार नाही. मी कोणा ठरावीक माणसासाठी नव्हतोच, म्हणून मी असा झालो.

मी पुरा झालो तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं. धाकटीनं मला उचललं, डोक्यातून घातलं आणि पॅसेजमधल्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. बटण उघडलं. व्रण माझ्याखाली झाकला गेला. तिनं मान एकदा डावीकडे वळवली, एकदा उजवीकडे. हनुवटी माझ्यात खुपसली. तिच्या गळ्याशी लागलेली ती नाडी मला अजून आठवते.

"ताई," ती आरशातच बघत म्हणाली, "हा मीच ठेवू का?"

"हा? छे गं."

"का? छान आहे."

"कसला छान. उरल्यासुरल्याचा आहे तो, त्यात बोंड चुकलंय. तुझ्यासाठी मी चांगला करते ना. मऊ लोकर आणते, सगळी एकाच रंगाची. पानांची वीण घालते. असला चिंध्यांचा मी तुला देईन का?"

धाकटीनं माझ्याखालून बटण परत लावलं. मग म्हणाली, "बरं." आणि मला काढून, घडी घालून, पिशवीत ठेवलं.

मला वाचा असती तर मी तेव्हा बोललो असतो.

थोरलीला दोष द्यायला तुमची जीभ वळवळत असेल तर थोडं थांबा. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा घरात नवं काही घ्यायची ऐपत नव्हती. थोरलीचा पाळणा तिला गेला, थोरलीचा कोट गेला, थोरलीची शिवणाची मशीन गेली. एकदा घर माणसांनी भरलेलं असताना धाकटी हसत हसत म्हणाली, "माझ्या वाट्याला सगळं ताईंनी वापरून झालेलंच येतं. सासूसुद्धा." सगळे पोट धरून हसले, खुद्द सासूही हसली. थोरली हसली नाही. तिनं मनाशी गाठ बांधली की यापुढे हिला देईन ते नवं आणि उत्तमच देईन. धाकटी ती थट्टा दुसऱ्याच दिवशी विसरली असेल. थोरली जन्मभर विसरली नाही. हे सगळं मला बऱ्याच उशिरा, थोरलीच्याच तोंडून कळलं. तेव्हा ते सांगून काही उपयोग राहिला नव्हता.

पिशवीतून आम्ही काही जण दवाखान्यात गेलो. नर्सनं आम्हाला एका टेबलावर पसरलं आणि ज्यांना चालता येत होतं त्या बायका येऊन बघू लागल्या. मला उचललं ते एका उंच, रुंद खांद्यांच्या बाईनं. वॉर्डात तिला मास्तरीण म्हणत. ती पोहायला शिकवायची. तिचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं आणि गळ्याच्या खळग्यात श्वास घ्यायला एक छिद्र ठेवलं होतं. तिनं माझ्या बोंडांवरून अंगठा फिरवला, पोपटी ओळीपाशी थांबली, आणि छिद्रावरच्या पातळ फडक्यावरून मला हळूच बसवलं.

घरी गेल्यावर तिला बोलायचं यंत्र मिळालं. टॉर्चएवढं असतं ते. गळ्याला टेकवायचं आणि ओठ हलवायचे, की सपाट, भुणभुणता आवाज निघतो. दर वेळी ती मला जरा वर सरकवायची, यंत्र टेकवायची, बोलायची आणि मला परत खाली ओढायची. मी तिच्या बोलण्याचा पडदा होतो म्हणा ना.

तिचं खरं दुःख आवाजाचं नव्हतं. पाण्याचं होतं. गळ्यातल्या त्या छिद्रात पाणी गेलं असतं तर संपलंच. जिनं अर्ध्या गावाला पाण्यात हात मारायला शिकवलं, तिला आता गुडघ्यापुढे उतरायची बंदी होती. तरी ती कामावर परत गेली. तलावाच्या काठावर लांब बांबू घेऊन उभी राहायची आणि कोणाचे पाय बुडतात, कोणाची मान ताठते ते बांबूनं दाखवायची. मुलं आधी तिच्या आवाजाला बिचकली. मग आठवड्याभरात तिला 'रोबो बाई' म्हणायला लागली. तिला ते आवडलं. यंत्र लावून मुद्दाम आणखी सपाट आवाजात म्हणायची, "पाय. हलवा. नाहीतर. रोबो. चिडेल." पोरं खिदळून पाणी पीत.

सगळे घरी गेले की ती काठावर वाकून एक हात कोपरापर्यंत पाण्यात सोडायची आणि तसाच ठेवायची. मी तिच्या गळ्यात असायचो.

माझे दिवस तिथे बरे गेले. तलावाच्या औषधानं रंग थोडे विटले, एक कड सैल झाली, पण मी कामाला येत होतो. वस्तूला आणखी काय लागतं?

पुढच्या थंडीत मास्तरीण तपासणीसाठी दवाखान्यात गेली. डॉक्टरांना उशीर होता म्हणून ती आपल्या जुन्या वॉर्डात डोकावली, आणि खिडकीजवळच्या खाटेवर मला धाकटी दिसली.

मी तिला नाडीवरून लगेच ओळखलं असतं, पण त्या दिवशी ती लांब होती आणि इतकी वाळली होती की माझी खात्री होईना. गाठ परत आली होती. गळ्यावर नुसता एक टॉवेल पांघरला होता. तिनंच मला आधी ओळखलं.

"तो गळपट्टा," ती म्हणाली. आवाज अगदी खोल गेला होता. "जरा इकडे या ना. त्यात पोपटी ओळीत एक बोंड कमी आहे का?"

मास्तरणीनं मला फिरवून बघितलं. होतंच कमी.

"आमच्या घरचा आहे. माझ्या जाऊबाईंनी केलाय. रंग मी दिलेत."

मास्तरीण खाटेच्या कडेवर बसली. यंत्र लावलं. "मग. तुझा. कुठे. आहे?"

"माझा व्हायचाय," धाकटी म्हणाली. "ताई करतायत. फार सुंदर होणार आहे. पांढरा, पानांचा, दोन वेढे येतील एवढा लांब."

मास्तरणीनं त्या टॉवेलकडे बघितलं. मग मला काढलं आणि धाकटीच्या डोक्यातून हलक्या हातानं घातलं. धाकटी नको नको म्हणत होती. मास्तरणीनं एका हातानं आपल्या छिद्रावरचं फडकं सावरलं, दुसऱ्या हातानं यंत्र धरलं आणि म्हणाली, "उसना. देतेय. बरी. झालीस. की. परत. कर."

धाकटीनं हनुवटी माझ्यात खुपसली. त्या आरशासमोर खुपसली होती तशीच. फक्त नाडी आता फार घाईत होती.

संध्याकाळी थोरली सूप घेऊन आली. डबा टेबलावर ठेवता ठेवता तिचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि हात तिथेच थांबला.

"हा... हा तर आपण दानात दिला होता."

"हो," धाकटी म्हणाली. "मला दानात मिळाला."

ती चिडून बोलली नव्हती. तिला गंमत वाटली होती आणि ती खरंच हसत होती. पण थोरली स्टुलावर बसली आणि सूप निवेपर्यंत बसूनच राहिली.

"मी करतेय गं तुझा," शेवटी म्हणाली. "बराच झालाय."

"माहीत आहे. होऊ दे सावकाश. तोवर हा आहे."

दुसऱ्या दिवसापासून थोरली विणकाम दवाखान्यातच घेऊन यायला लागली. साईसारखी पांढरी, मऊ लोकर. माझ्यासारखं गोल नाही, एक लांब पट्टी विणायची आणि शेवटी टोकं जोडायची, असा बेत होता. पानं खरोखर झाडावरची काढून ठेवल्यासारखी दिसत होती. मला हेवा वाटला नाही असं म्हणत नाही. पण ती पट्टी वाढेना. थोरली विणायची, उजेडाकडे धरायची, कपाळाला आठी घालायची आणि उसवायची.

एकदा धाकटी बराच वेळ ते बघत होती. म्हणाली, "ताई, नका ना उसवू. राहू दे ती चूक. मला चालेल."

"एवढी एक ओळ फक्त," थोरली म्हणाली. "पान तिरकं गेलंय."

"जाऊ दे तिरकं. पानं असतात की तिरकी."

"तुला कळत नाही. थांब जरा." आणि धागा ओढला.

धाकटीनं डोळे मिटले. माझ्या आत तिचा श्वास ऊन लागत होता. तिला मागायचं होतं ते तिचं दोनदा मागून झालं होतं. तिसऱ्यांदा मागणाऱ्यांतली ती नव्हती.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. गेली तेव्हा मी तिच्या गळ्यात होतो. नर्सनं मला काढून उशीवर ठेवलं आणि थोरलीनं मला पर्समध्ये टाकून घरी आणलं.

तिनं मला कोमट पाण्यात धुतलं, टॉवेलवर आडवं पसरून सावलीत वाळवलं. लोकर टांगली की ओघळते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक. वाळल्यावर मला मांडीवर घेऊन बसायची. पोपटी ओळीतली ती बोंड नसलेली जागा बोटानं शोधून काढायची आणि बोट तिथेच ठेवायची. तिचा नवरा एकदा दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला.

शेवटी एका सकाळी, धाकटीनं सांगून ठेवलं होतं त्या तलावावर ती मला घेऊन आली. मास्तरणीला शोधायला वेळ लागला नाही. बांबू घेऊन उभी असलेली बाई एकच होती.

"हा तुमचा," थोरली म्हणाली. "तिनं परत करायचं कबूल केलं होतं."

मास्तरणीनं मला हातात घेतलं, समजायचं ते समजली आणि मला गळ्यात घातलं. दोघी काठावरच्या बाकावर बसल्या. थोरलीनं सगळं सांगितलं. पाळणा, कोट, ती थट्टा, आरसा, सगळं. पाण्यात मुलांचा गोंधळ चालला होता. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलली होती का हो ती?"

मास्तरणीनं यंत्र उचललं. खोटं बोलायला त्या यंत्रात जागा नसते. एकेक शब्द मोजून काढावा लागतो.

"म्हणाली. ताई. करतायत. फार. सुंदर. होणार. आहे."

थोरलीनं मान खाली घातली.

मास्तरणीनं तिच्या पिशवीकडे बोट केलं. पिशवीतून पांढरी लोकर डोकावत होती. सुई अजून त्यातच होती. थोरली म्हणाली, "हा अर्धाच आहे. आता कोणासाठी पुरा करू?"

"वॉर्डात. नवी. आलीय. इस्त्रीचं. काम. करते. उद्या. ऑपरेशन. गळ्याला. काही. नाही."

"पण हा अर्धा आहे. दोन वेढ्यांचा करायचाय."

मास्तरणीनं ती पट्टी पिशवीतून काढली आणि आपल्या रुंद गळ्याभोवती, माझ्यावरूनच, एकदा गुंडाळली. दोन्ही टोकं पुढे आणली. टोकं एकमेकांना भेटली. वर दोन बोटं पट्टी उरली.

थोरली त्या दोन बोटांकडे बघत राहिली. मग तिनं सुई हातात घेतली, शेवटची ओळ बंद केली आणि तिथेच, ओल्या बाकावर बसून, टोकाला टोक जोडलं. एक पान अर्ध्यावर तुटलं. तिनं ते तसंच ठेवलं.

"एवढा तर तो तेव्हाच झाला होता," ती म्हणाली. "ती नका उसवू म्हणाली ना, तेव्हाच."

मास्तरणीच्या हातात यंत्र होतं. तिनं ते खिशात टाकलं आणि जोडलेल्या पट्टीची घडी घालायला घेतली.

मी अजून मास्तरणीकडे आहे. मोरपंखी रंग करडा पडलाय, पोपटी मात्र उतरायचं नाव घेत नाही. थोरली कधी कधी सकाळी येते, बाकावर बसते, माझी सुटलेली कड चिमटीत धरून दोन टाके घालते. जाड सुईनं, पटकन. उसवत नाही. दर थोड्या दिवसांनी पिशवीभर गळपट्टे ती वॉर्डात देऊन येते, रंगीबेरंगी, चुकलेले, माझेच भाऊ. लोक तिचं कौतुक करतात. ती ऐकून घेते. घरी वरच्या मजल्यावरून कोणी जिना उतरत नाही, हे कौतुक करणाऱ्यांना माहीत नसतं.

माझी फार मोठी मागणी नाही. उत्तम करा, नवं करा, पानाफुलांचं करा, अगदी हौसेनं करा. पण तुमच्या माणसाचा गळा आज उघडा असेल, तर आधी हाताशी असेल ते त्याच्या अंगावर घाला. ते उरल्यासुरल्याचं आहे की कशाचं, हे थंडीला कळत नाही. धाकटीलाही त्याचं काही नव्हतं. तिला थंडी वाजत होती, एवढंच होतं.